अण्णा, ते बोलणं मी कापलं

अण्णा, तुमचं एक बोलणं मी कापलं. तुम्ही माईकसमोर बसून शांतव्वाची माफी मागितली होती. ती मी आपल्या दर आठवड्याच्या कार्यक्रमातून काढून टाकली. ती रेडिओवर गेलीच नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत धरून चाललात की शांतव्वाने ती ऐकली, आणि ऐकूनही तुम्हाला माफ केलं नाही.

हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुमच्या कबरीवरची माती अजून ओली आहे आणि मी लिहायला बसलोय. चर्चच्या मंडळीचे लोक दुकानावर आले होते; पाळक म्हणून ते तुम्हाला अय्यनवरच म्हणतात. म्हणाले, ‘‘दत्ताभाऊ, अय्यनवरांचा आवाज इतकी वर्षं तुम्ही सांभाळलात. स्मृतिअंकासाठी तुम्हीच लिहा.’’ तुमचा जन्म, शिक्षण, दीक्षा, कुठल्या गावी किती वर्षं पाळक होता, चर्चच्या क्षेत्राचे अध्यक्ष कधी झालात, हे लिहायला पुष्कळ जण आहेत. माझ्याकडे लिहिण्यासारखं एवढंच आहे.

हुबळीच्या दाजीबानपेठेतली आमच्या दुकानामागची ती खोली तुम्हाला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी लाजलो होतो. आमचं घराणं कापडाचं. खोलीत छतापर्यंत गाठी रचलेल्या, मधे एक टेबल, टेबलावर मी नवीनच घेतलेलं रेकॉर्डिंगचं सामान. माझ्या वडिलांना, आप्पांना, हा उद्योग पसंत नव्हता. तुम्ही आत आलात, दार लावलंत, एकदा टाळी वाजवलीत. आवाज जिथल्या तिथे विरला. तुम्ही हसलात.

‘‘दत्तू, एवढी चांगली खोली धारवाडच्या आकाशवाणीतही नसंल बघ. तुझ्या आप्पांना म्हणावं, गाठी विकू नका.’’

‘‘विकल्या नाहीत तर जेवायचं काय, अण्णा?’’

‘‘मग हळूहळू विका म्हणावं.’’

तेव्हापासून आपली वेळ ठरली. दुपारी पेठ सुस्तावली, हमाल गाठींवर आडवे झाले, की तुम्ही यायचात. खाली बसून आधी चहा, मग डोळे मिटून प्रार्थना, मग माईक. तुम्ही कधी ‘श्रोतेहो’ म्हणाला नाहीत, ‘बंधुभगिनींनो’ म्हणाला नाहीत. ‘‘ऐकणाऱ्या माणसा, नमस्कार,’’ एवढंच. मी विचारलं तर म्हणालात, ‘‘रेडिओ ऐकणारा एकटाच असतो रे. चूल फुंकत असतो, नाहीतर गोठ्यात बसलेला असतो. त्याला सभेत कशाला उभं करायचं?’’

मी हिंदू, माळकरी घरातला. तुमच्या शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, मला काही कळत नव्हतं, अजूनही फारसं कळत नाही. पण तुमचा आवाज मला जेवढा ठाऊक होता तेवढा वैनींनाही नसेल. कुठल्या शब्दाआधी घसा कोरडा पडतो, कुठे वाक्य सोडून देणार आहात, कुठे मराठी सोडून कानडीत घसरणार आहात, हे मला कम्प्युटरवरची आवाजाची रेघ बघून कळायचं. तुम्हाला भरून आलं की तुम्ही कानडीत जात होता. आपला कार्यक्रम कोल्हापूर-सांगलीपर्यंत ऐकला जायचा, म्हणून कानडी शब्द काढायचे हा आपला नियम होता. खोकला काढायचा, तांब्याचा आवाज काढायचा. श्वास मी आपल्या मनाने काढायचो. त्यावरून आपलं किती वेळा वाजलं!

‘‘श्वास कशाला काढतोस? माणूस श्वास न घेता बोलतो काय?’’

‘‘ऐकायला स्वच्छ वाटतं, अण्णा.’’

‘‘स्वच्छ वाटायला मी काय कपडा आहे? तुम्हा कापडवाल्यांना सगळ्याला इस्त्री लागते.’’

भांडायचात, पण तपासायला बसायचा नाहीत. स्वतःचा कार्यक्रम तुम्ही कधीच ऐकला नाही. घरी वैनींनी रेडिओ लावला की उठून अंगणात जायचात. आपलाच आवाज ऐकत बसलं की माणूस स्वतःच्या प्रेमात पडतो, असं तुमचं म्हणणं. शास्त्रवचनाला हात लावायचा नाही, बाकी दत्तू करेल ते ठीक, असा तुमचा माझ्यावर भरवसा. त्या भरवशाच्या आडोशालाच मी ते केलं.

शांतव्वाची हकिकत तुम्ही मला त्याच खोलीत सांगितलीत. तुम्ही तेव्हा तरुण होता, नवीनच पाळक झालेले, कडक. शांतव्वा अळणावरकडच्या एका वाडीतली, दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी, नवरा आधीच गेलेला. तिचा एकुलता मुलगा सुधाकर हुबळीत राहून तारिहाळच्या कारखान्यात कामाला होता आणि रविवारी तुमच्या चर्चमध्ये गायचा. त्याचं काम सुटलं. काही महिने त्याने आईला कळू दिलं नाही. मग एके दिवशी त्याने आपला जीव दिला.

तुम्ही त्याला चर्चमध्ये आणू दिलं नाहीत. स्वतःचा जीव घेणाऱ्यासाठी मंडळीत उपासना होत नाही, असं तुम्ही सांगितलंत. मंडळीतलं कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते, ती त्या दिवशी वाजली नाही. कबरस्थानाच्या कडेच्या कोपऱ्यात दोन ओळींची प्रार्थना म्हणून तुम्ही परत फिरलात. शांतव्वा तुमच्या मागे फाटकापर्यंत आली होती.

‘‘आत नको तर नको, अय्यनवरे,’’ ती म्हणाली होती. ‘‘घंटा तरी वाजवा. पोरगं गेलं हे गावाला कळू दे.’’

तुम्ही वाजवली नाहीत. ती त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही. तुम्ही दोनदा तिच्या घरी गेलात, तिने दार उघडलं नाही. पण तिकडे घरोघरी शास्त्र वाचून दाखवायला जाणाऱ्या बायबलबाईने एकदा तुम्हाला सांगितलं की शांतव्वा दर आठवड्याला तुमचा कार्यक्रम ऐकते, रेडिओ उंबऱ्यावर ठेवून, एकटी. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा चहा तसाच गार झाला होता. ‘‘दत्तू, तेव्हापासून माझा ऐकणारा माणूस तीच आहे,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘मी बोलतो ते तिच्याशी.’’

आणि एका दुपारी तुम्ही खरोखरच तिच्याशी बोललात. कागद आणला नव्हता. शास्त्रपाठ वाचलात, थोडं बोललात, मग थांबलात. मला वाटलं पाणी हवंय. मी तांब्या पुढे केला, तुम्ही हातानेच नको म्हणालात आणि शांतव्वाचं नाव घेतलंत. त्या बोलण्याचा शेवट कानडीत झाला. तुमचा आवाज फुटला होता, नाक वाहत होतं. माईक बंद केल्यावर तुम्ही बराच वेळ गाठीला टेकून बसलात.

‘‘हे असंच जाऊ दे, दत्तू,’’ जाताना म्हणालात.

मी ते कापलं.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की कार्यक्रम लांबला होता. हेही सांगितलं की कानडी काढायचं हा तुमचाच नियम. दोन्ही खोटं. त्या महिन्यात क्षेत्राच्या अध्यक्षाची निवडणूक होती आणि धारवाडकडची काही मंडळी तुमच्यात खोट शोधत होती, हे खरं आहे. पाळकाने रेडिओवर रडून स्वतःची चूक सांगितली असती तर त्यांना आयतंच सापडलं असतं. मला तुम्हाला वाचवायचं होतं. पण अण्णा, एवढंच असतं तर निवडणूक झाल्यावर मी येऊन सांगितलं असतं. त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती. आप्पांच्या लेखी मी कापडाचा धंदा बुडवणारा होतो. पेठेत मला जो काही मान होता तो ‘अय्यनवरांच्या आवाजाचा माणूस’ म्हणून होता. तो आवाज रडताना, कुणापुढे तरी वाकताना ऐकू जावा हे मला सहन झालं नाही. तुम्ही मोठे दिसायला हवे होता, कारण तुमच्या मोठेपणात माझा हिस्सा होता. म्हणून मी तुमचं सर्वांत खरं बोलणं काढलं, दोन्ही टोकं जुळवली, आणि मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. जोड इतका सफाईदार झाला की त्या दिवशी मला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

तुम्ही अध्यक्ष झालात. हार पडले. आणि तुम्ही वाट बघायला लागलात.

हे मला वैनींकडून कळलं. दर रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी तुम्ही बायकांच्या बाजूच्या दाराकडे बघायचात. इतर गावी दौऱ्यावर असलात तरी परत आल्यावर विचारायचात, ‘‘अळणावरकडचं कुणी आलं होतं काय?’’ नंतर विचारणं सोडलंत. बघणं सोडलं नाहीत.

मग तुम्ही मला एकदा गाडी काढायला लावलीत. तुमची छाती तेव्हा नुकतीच धरायला लागली होती, जिना चढताना थांबत होता. ‘‘शांतव्वाला बघून येऊ,’’ एवढंच म्हणालात. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. कलघटगीच्या फाट्याला सांगू, नको, पुढे चहाला थांबू तेव्हा सांगू. चहालाही थांबलो. तुम्ही बशीत ओतून मला अर्धा दिलात. मी प्यालो.

शांतव्वा अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. या वेळी घरात जाऊन दार लावलं नाही. उठली, तांब्या भरून आणला, तुम्हाला खाट टाकली. रेडिओ उंबऱ्यावरच होता, फडक्यात गुंडाळलेला.

‘‘इतक्या लांब आलासा,’’ ती म्हणाली. ‘‘काय काम हुतं?’’

‘‘काही नाही, शांतव्वा. तुला बघायला आलो.’’

‘‘बघा की.’’

ती परत शेंगा निवडायला बसली. तुम्ही तिच्या हातांकडे बघत राहिलात. ती मधेच मान वर करून तुमच्या तोंडाकडे बघायची, काही येतंय का म्हणून, आणि परत खाली बघायची. तुम्हाला वाटत होतं की तिने ऐकलंय, आता बोलायची पाळी तिची. तिला वाटत होतं की हा माणूस एवढ्या वर्षांनी दारात आला आणि अजूनही तोंड उघडत नाही. तुम्हा दोघांच्या मधे मी खाटेच्या पायाशी उभा होतो. सगळं ठाऊक असलेला एकटा मी होतो, आणि मी गाडीची किल्ली हातात फिरवत होतो.

निघताना ती म्हणाली, ‘‘बघितलासा?’’

‘‘बघितलं,’’ तुम्ही म्हणालात.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, अण्णा, तुम्ही परत का नाही बोललात? तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. ‘‘माफी एकदा मागायची असते, दत्तू. मागून झाल्यावर परत परत दारात उभं राहणं म्हणजे वसुली. तिने ऐकलंय. द्यायची नाही म्हणजे नाही. तो तिचा हक्क आहे.’’

त्याच क्षणी गाडी वळवता आली असती. मी गिअर बदलला.

त्यानंतरचं तुमचं आजारपण मला आठवू नये असं वाटतं. फुप्फुसं आकसत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. तरी तुम्ही रेकॉर्डिंगला यायचात, ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन, दुकानातला पोऱ्या ते उचलून आत आणायचा. एक वाक्य, मग श्वास, श्वास, श्वास, मग अर्धं वाक्य. शब्द थोडे आणि श्वासच जास्त. मी श्वास काढत होतो आणि शब्द जोडत होतो. रेडिओवर तुम्ही ठणठणीत होता. म्हणून तुम्ही गेल्यावर कुठून कुठून फोन आले, ‘‘असं कसं? परवा तर किती छान बोलले!’’ त्यांना काय सांगणार? आयुष्यभर मी लोकांना तुमच्यातला दम न लागणारा माणूस ऐकवला. खरा, धापा टाकणारा माणूस माझ्या खोलीतच राहिला.

देशपांडे नगरच्या दवाखान्यात शेवटची भेट झाली. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. नर्स ओरडली. तुम्ही तिला एक बोट दाखवलंत, एकच मिनिट.

‘‘दत्तू... ते शांतव्वाचं... गेलं होतं नं? सगळं?’’

‘‘हो, अण्णा,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं गेलं होतं.’’

तुम्ही डोळे मिटलेत. ‘‘मग ठीक,’’ म्हणालात, आणि मास्क लावून घेतलात. माणसाला शेवटी धीर देण्यासाठी खोटं बोलावं लागतं, असं म्हणतात. मी दिलेला धीर कसला होता, अण्णा? तुम्हाला मी सांगितलं की तिने सगळं ऐकलं आणि तरी आली नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावर संतापला असता, आणि मग कुणीतरी तिला आणेपर्यंत श्वास धरून ठेवला असता. तेवढे हट्टी होता तुम्ही. ते मी तुमच्याकडून काढून घेतलं.

तुमच्या दफनाला गर्दी मावली नाही. मी बाहेर कर्णे बांधत होतो. घंटा वाजायला लागली तेव्हा फाटकाबाहेर शांतव्वा दिसली. पदर डोक्यावरून घेतलेला, हात भिंतीवर टेकलेला. आत आली नाही. घंटा संपेपर्यंत उभी राहिली आणि वळली. मी वायर हातात घेऊन बघत राहिलो. हाक मारली नाही.

पण त्यानंतर झोप लागेना. मी वैनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तुमच्या चष्म्याची डबी त्यांच्या हातात होती, ती उघडत होत्या, मिटत होत्या. मी म्हणालो, वैनी, मला माफ करा.

‘‘माझ्याकडं कशाला आलास?’’ त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ‘‘मला सांगून तू मोकळा होणार, आणि ती तशीच बसलेली. त्यांचा निरोप तुझ्याकडं राहिलाय. जा, देऊन ये. मग बघू मला काय वाटतं ते.’’

चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी अळणावरला गेलो. शांतव्वा दारातच बसली होती. रेडिओ दिसला नाही.

‘‘आज एकटाच?’’ ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि सांगितलं. तुम्ही माईकसमोर माफी मागितली होती, मी ती काढून टाकली, तुम्हाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, तुम्ही इथे आला होता तेव्हाही तिने ऐकलंय असंच समजत होता. सांगायला मला वाटलं होतं तितका वेळ लागला नाही.



‘‘मी दर खेपेला रेडिओ लावायची,’’ ती म्हणाली. ‘‘कशासाठी वाटतं तुला? देवाचं ऐकायला? मला वाटायचं आज बोलतील. आज न्हाई तर पुढच्या खेपेला. सुधाचं नाव घेतील. एवढं सगळ्या जगाचं बोलत्यात, माझ्या पोराचं एकदा बोलतील.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘त्या दिवशी खाटेवर बसले हुते. मी मनात म्हणत हुते, बोला. बोला की वो.’’



‘‘काय म्हणाले हुते?’’ तिने विचारलं.

रेकॉर्डिंग नव्हतं. मीच पुसलं होतं. पण अण्णा, कापायच्या आधी मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, नेमकं कुठे कापायचं ते बघण्यासाठी, की तेवढंच एक बोलणं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मी डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. जिथे तुम्ही थांबला होता तिथे थांबलो. जिथे तुम्ही श्वास घेतला होता तिथे घेतला. एकही गाळला नाही.

‘‘शांतव्वा. मी तुझ्या सुधाकरला दाराबाहेर ठेवलं. घंटा वाजवू दिली नाही. मला वाटलं, मी देवाची बाजू घेतोय. देवाने माझ्याकडं बाजू मागितली नव्हती. बाजू तुला हवी होती. सुधाकर माझ्या मंडळीतला होता, गायचा, आणि मी त्याला अनोळखी माणसासारखं पुरलं. आता दाराबाहेर मी आहे, शांतव्वा. आत घे असं म्हणत नाही. मी इथं उभा आहे, एवढं तुला ठाऊक असू दे. तप्पातव्वा.’’

शेवटचा शब्द तुमचा कानडीतला. चूक झाली, आई. आपल्याकडे मराठी घरातसुद्धा खरोखरची चूक झाली की तोंडातून हाच शब्द येतो, आणि तोच मी नियमात बसत नाही म्हणून पहिल्यांदा काढला होता.

शांतव्वाने पदराने तोंड पुसलं. सुधाकरचं नाव तिने ओठातल्या ओठात एकदा म्हणून बघितलं. मग माझ्याकडे वळली.

‘‘हे त्यांचं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आता तुझं?’’

येताना गाडीत मी पुष्कळ जुळवलं होतं, अण्णा. कुठून सुरुवात करायची, निवडणुकीचं किती सांगायचं, आप्पांचं सांगायचं की नाही. त्यातलं काहीच आलं नाही. मी उठलो, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो, तिच्या पायांकडे बघितलं. आवाज फुटला तो फुटू दिला.

‘‘तप्पातव्वा,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांची माफी मी तुझ्यापासून चोरली. तप्पातव्वा.’’